शून्यानंतरचे तीन मैल

१

प्रशिक्षण केंद्रात सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि ज्या यंत्रात ते वैमानिकांना घोटून घेत त्याला डबा. बाहेरून पाहिलं तर सहा लोखंडी पायांवर उभी केलेली बिनखिडकीची पांढरी खोली. आत गेलं की हुबेहूब विमानाचं नाक. पुढे दोन खुर्च्या, डावी कॅप्टनची आणि उजवी सहवैमानिकाची. मागे मास्तरांची खुर्ची आणि तिच्यासमोर एक पडदा. त्या पडद्यावरून ते पुढच्या दोघांना हवा तसा ढग, हवा तसा वारा आणि हवा तो बिघाड देऊ शकत. देवाचीच नोकरी आहे, फक्त रजा मागावी लागते, असं ते म्हणत.

वीस वर्षांत त्यांनी या छळाचं शास्त्र करून ठेवलं होतं. एका वेळी एकच अडचण आली तर कुणीही निभावून नेतो, म्हणून ते अडचणी ओळीने देत. आधी बाजूचा वारा. मग रेडिओवर नियंत्रकाच्या आवाजात ऐन वेळी नवीन उंची सांगायची, म्हणजे आधीचं पाठ केलेलं पुसलं जातं. मग डाव्या इंजिनाच्या तेलाचा पिवळा दिवा. आणि वैमानिकाची नजर त्या दिव्याकडे वळली की नेमक्या त्या क्षणी मागच्या केबिनमधून फोन: एक प्रवासी बेशुद्ध पडलाय, काय करू? हा फोन मास्तरांची खासियत. त्याला उत्तर देताना माणूस समोरचे आकडे वाचत असतो, पण त्याला ते दिसत नाहीत. भलेभले त्या फोनवर गारद झाले होते.

ढगातून उतरताना वैमानिकाला बाहेरचं काहीच दिसत नसतं. तो आकड्यांवर उतरतो. इतके मैल राहिले की इतकी उंची, त्याच्या आत आलं की आणखी एक पायरी खाली, असं जिना उतरल्यासारखं यायचं. एका विमानतळाला सगळे वाटी म्हणत, कारण चहूबाजूंनी डोंगर आणि तळाशी धावपट्टी. वाटीच्या तोंडाशी असलेल्या डोंगराचं नाव अर्थातच काठ. काठापासून धावपट्टी तीन मैल. पूर्वी अंतर सांगणारा मनोरा धावपट्टीपाशी नव्हता, काठाच्या डोक्यावर होता. म्हणजे विमानातला अंतराचा आकडा काठावर शून्य व्हायचा आणि धावपट्टी त्यापुढे तीन मैल असायची. नकाशावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. खुर्चीत निवांत बसून वाचणाऱ्याला ते लगेच कळे. ज्याच्या हातात विमान, कानात रेडिओ आणि डोळ्यांसमोर पिवळा दिवा असे, त्याला वाटे की शून्य म्हणजे धावपट्टी, आणि तो तीन मैल आधीच शेवटच्या पायऱ्या उतरायला लागे.

तेरा वर्षांपूर्वी मास्तरांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, तसाच उतरला. त्याच्याबरोबर बत्तीस माणसं गेली. चौकशीत वैमानिकाचा निष्काळजीपणा असं ठरलं. त्यानंतर वर्षभरात मनोरा काठावरून काढून खाली धावपट्टीपाशी बसवण्यात आला. चूक जर वैमानिकाचीच होती तर मनोरा कशाला हलवला, हे कुणी विचारलं नाही.

आता त्या मेहुण्याची मुलगी कंपनीत सहवैमानिक म्हणून लागली होती आणि अंतिम परीक्षेआधीची तिची सरावाची तीन सत्रं मास्तरांच्या वाट्याला आली होती. तिच्या बापाबद्दलची एक गोष्ट मास्तरांना ठाऊक होती आणि तेरा वर्षं त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. ही तीन सत्रं संपायच्या आत भाचीला ती सांगून टाकायची, असं त्यांनी ठरवलं. तसं त्यांनी याआधीही बऱ्याचदा ठरवलं होतं.

२

पहिल्या सत्राला भाची दहा मिनिटं आधी आली. केस घट्ट बांधलेले, नकाशे ओळीने लावलेले, बोलणं मोजकं. डब्याबाहेर ती त्यांना आतोबा म्हणाली आणि आत शिरताच सर म्हणू लागली. मास्तरांना ते आवडलं आणि थोडं टोचलंही. डाव्या खुर्चीत तासांची भरती करायला आलेला एक पोक्त कॅप्टन होता. त्याला आपण इथे का आहोत याचं फारसं कुतूहल नव्हतं.

मास्तरांनी तिला वाटीच दिली. परीक्षेत वाटी येतेच, तेव्हा घरचं माणूस म्हणून वगळण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वारा लावला, उंची बदलली, पिवळा दिवा लावला, फोन केला. भाचीने फोनवर शांतपणे सांगितलं, उतरल्यावर बघू, आणि फोन ठेवला. इतक्या कमी शब्दांत त्या फोनची बोळवण आजवर कुणी केली नव्हती.

त्याच वेळी मास्तरांची नजर तिच्या खांद्यावरून पुढच्या अंतराच्या आकड्यावर गेली. विमान काठावर होतं. आकडा तीन असायला हवा होता. तो शून्य होता.

त्यांनी आपल्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर पाहिलं. तिथे तीन. पुन्हा पुढे पाहिलं, तर शून्य. भाची बिनधास्त उडवत होती आणि पायऱ्या अगदी वेळेवर उतरत होती. म्हणजे तिला तीनच दिसत असणार, नाहीतर ती बोलली असती. विमान पुढचे तीन मैल गेलं, चाकं टेकली, आणि तो आकडा तेवढा वेळ शून्यावरच थिजून राहिला.

डब्याची देखभाल करणारा एक तंत्रज्ञ होता, त्याला सगळे पाना म्हणत. मास्तरांनी त्याला सहज म्हणून विचारलं. पान्याने सत्राची सगळी नोंद कागदावर छापून आणली. काठावर तीन, धावपट्टीवर शून्य, कुठे केसाइतका फरक नाही. जुन्या मनोऱ्याची माहिती यंत्रात उरलेली तर नाही ना, असंही मास्तरांनी विचारून पाहिलं. पाना म्हणाला की ती दहा वर्षांपूर्वी आपण दोघांनी मिळूनच पुसली आणि मास्तरांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

नंबर तपासायचा म्हणजे डॉक्टरकडे जायचं, आणि वैमानिकाने डॉक्टरला काही दिसतंय असं सांगणं म्हणजे आपल्या हाताने लायसन्स फाडणं. मास्तर अजून महिन्यातून दोनदा खरं विमान उडवत, हात राहावा म्हणून. त्यांनी चष्मा रुमालाने पुसला आणि विषय संपवला. थकवा असेल. सत्तावन्नाव्या वर्षी थकवा येणारच.

३

मास्तरांचं घर सातव्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको बाजारात निघाले. लिफ्टमध्ये दाराच्या वर लाल आकडे होते. मास्तर सवयीने त्यांच्याकडे बघत होते, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आकडा शून्य झाला, लिफ्ट थांबली, दार उघडलं आणि ते पिशव्या घेऊन बाहेर पडले.

बायको आतच उभी होती. "अहो, कुठे निघालात? हा तिसरा आहे," ती म्हणाली.

समोर तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण चपला घालत उभी होती. तिनेच बटण दाबलं होतं. मास्तर हसले, काहीतरी पुटपुटले आणि आत आले. दार बंद झालं. आकडा शून्य होता आणि लिफ्ट खाली चालली होती. एक मजला, दोन मजले, तीन मजले. मग दार उघडलं आणि खरंच तळमजला आला. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि साखर तपासून घ्या एवढंच म्हणाली.

त्यानंतर त्यांनी लक्ष ठेवलं. सातव्यावर चार दिसे. तिसऱ्यावर शून्य. पुढे शून्यच. लिफ्टचं काम करणाऱ्या माणसाला त्यांनी बोलावून घेतलं, तर त्याला सगळं बरोबर दिसलं. एक-दोनदा मास्तरांनी जिन्यानेही उतरून पाहिलं. पण जिन्यात पायऱ्या मोजल्या जात, आणि मोजणी संपली तरी पायऱ्या संपत नाहीत असं एकदा त्यांना वाटलं. त्यापेक्षा लिफ्ट बरी. माणूस कशालाही सरावतो. आठवड्याभरात ते शून्य दिसलं की मनातल्या मनात तीन, दोन, एक मोजू लागले आणि मगच पाऊल उचलू लागले.

रविवारी भाची जेवायला आली. आत्याने तिच्या आवडीचं सगळं केलं होतं. बोलणं घरातल्या घरात फिरत होतं: भाचीच्या आईचे गुडघे, नवी खोली, तिथली कटकटी घरमालकीण. भावाचा विषय बायको कधीच काढत नसे. त्याचा फोटोही तिने बैठकीतून काढून कपाटात ठेवला होता, कारण येणारा-जाणारा तो बघून विचारायचा, हेच का ते, आणि पुढचं वाक्य गिळायचा.

भाचीने ताटातलं संपवलं आणि सरळ विचारलं, "आतोबा, बाबांची शेवटची परीक्षा तुम्हीच घेतली होती ना? कसे होते ते डब्यात?"

हीच वेळ होती. मास्तरांना ते स्पष्ट कळलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"पहिल्या नंबरचा," ते म्हणाले. "त्याच्यासारखा हात नाही पाहिला."

बायको ताटं उचलायला उठली. भाचीने मान हलवली आणि ती हात धुवायला गेली.

४

मास्तरांच्या कपाटात तळाच्या खणात एक कागद होता. त्या दुपारी दोघी बोलत बसल्या असताना त्यांनी तो काढून पाहिला. वाचायची गरज नव्हती, पाठच होता.

अपघाताच्या पाच आठवडे आधीची गोष्ट. परीक्षकांचा तुटवडा होता, म्हणून मेहुण्याची परीक्षा मास्तरांनी घेतली. मेहुणा डब्यात आला तो हसतच. माणूस ठेंगणा. डावी खुर्ची पार पुढे ओढायची आणि पार वर करायची ही त्याची सवय, आणि त्यावर सगळ्यांच्या आधी स्वतःच विनोद करायचा. "दाजी, एखादी उशी द्या, नाहीतर मला डोंगर दिसायचा नाही," असं म्हणाला होता. मास्तरांनी त्याला वाटी दिली. वारा, उंची, दिवा, फोन. फोनवर तो त्या बेशुद्ध प्रवाशाची मनापासून विचारपूस करत राहिला आणि बोलता बोलता तीन मैल आधी शेवटची पायरी उतरून काठावर आदळला. पडदा लाल झाला.

तो पहिला नव्हता. त्या दोन वर्षांत नऊ जण त्याच पायरीवर, तसेच, काठावर आदळले होते. मास्तरांच्या वहीत सगळ्यांच्या तारखा होत्या. एक जण चुकला तर वैमानिक वाईट. नऊ जण चुकले तर नकाशा वाईट. हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. पण वर कळवायचं तर प्रश्न आला असता की मग त्या नऊ जणांना पास कसं केलंत? कंपनीला माणसं हवी होती, मास्तर सह्या करत होते, आणि एका सहीमागे दुसरी सही लपत होती.

मेहुण्याचा चेहरा उतरला होता. पुन्हा एकदा करून बघतो, दाजी, असं तो म्हणाला. डब्याची पुढची वेळ दुसऱ्या कुणाची तरी होती. बायकोच्या भावाला नापास केलं असतं तर संध्याकाळी घरी काय तोंड दाखवलं असतं, हाही विचार होताच. मास्तर म्हणाले, "चालतंय." आणि याच कागदाच्या प्रत्येक रकान्यात लिहिलं: समाधानकारक. मेहुण्याने खाली सही केली. तो डावरा होता, लिहिताना त्याचा तळवा ओल्या शाईवरून जायचा, त्यामुळे त्याची सही नेहमी उजवीकडे फिसकटलेली असायची.

चौकशीत एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने मास्तरांना विचारलं की हा वैमानिक डब्यात कधी असा चुकला होता का. एक हो पुरेसा होता. तो हो आला असता तर नकाशा दोषी ठरला असता, कंपनी ठरली असती, मास्तर ठरले असते. मास्तर नाही म्हणाले. मग दोषी ठरायला एकटा मेहुणाच उरला, आणि तो काही बोलणार नव्हता.

५

दुसऱ्या सत्राच्या सकाळी मास्तर डब्यात पहिले शिरले. डावी खुर्ची पार पुढे ओढलेली आणि पार वर चढवलेली होती.

आदल्या संध्याकाळी कोण होतं, असं त्यांनी पान्याला विचारलं. कुणी नाही, कुलूप माझ्या हाताने लावलं, पाना म्हणाला. मास्तरांनी खुर्ची मागे ढकलली. पोक्त कॅप्टन आला, बसला, आणि बसल्या बसल्या तक्रार करू लागला की खुर्ची सारखी पुढे सरकतेय. सत्र संपेपर्यंत त्याचं पोट जवळजवळ टेकलं होतं. मास्तर मागून पाहत होते. खुर्ची सरकताना दिसत नव्हती, पण दर वेळी पाहिलं की ती थोडी पुढे असे.

भाचीने पुन्हा वाटी केली, पुन्हा बिनचूक. मास्तरांनी आकड्याकडे न पाहण्याचं ठरवलं होतं आणि काठ येताच पाहिलं. शून्य. मग त्यांनी स्वतःला समजावलं: माणसाला जे टोचत असतं तेच त्याला दिसतं, यात भुताखेताचं काही नाही. भाचीला खरं सांगितलं की आकडा आपोआप जागेवर येईल. इतकं सोपं औषध घरात असताना ते घेत का नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

डब्याबाहेरच्या लोखंडी जिन्यावर भाची थांबली. बापाने वाटीच्या त्या शेवटच्या पायऱ्या डब्यात कधी चुकवल्या होत्या का, असं तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. नेमकं असंच त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याने विचारलं होतं.

मास्तर म्हणाले, कधीच नाही.

६

तिसऱ्या सत्राला पोक्त कॅप्टन पाठ धरल्यामुळे आला नाही. भाची म्हणाली, "तुम्हीच बसा ना डावीकडे. तुम्ही उतरवा, मी आकडे वाचते. तुम्ही कसं करता ते तरी बघू दे."

नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यांची स्वतःची वार्षिक परीक्षाही याच आठवड्यात व्हायची होती. परीक्षक आजारी पडल्याने ती लांबली होती आणि त्यांचं नाव लिहिलेला कोरा कागद मागच्या टेबलावर क्लिपला लावून पडला होता. चला, तेवढाच सराव, असं ते म्हणाले. पान्याला त्यांनी साधी वाटी लावायला सांगितली: ढग असू दे, बिघाड एकही नको. पाना सगळं लावून चहाला गेला. मागची खुर्ची रिकामी राहिली.

डावी खुर्ची पुढे होती. मास्तर उंच माणूस, त्यांचे गुडघे थेट समोरच्या पत्र्याला टेकले. त्यांनी खालचा दांडा ओढला. खुर्ची हलली नाही. असू दे, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे, म्हणून त्यांनी पट्टा लावला.

ढग आला. काचा राखाडी झाल्या. पहिल्या पायऱ्या ठीक गेल्या. भाची उजवीकडून आकडे वाचत होती, आवाज एकसारखा. मग विमान बाजूला ढकललं गेलं. वारा. त्यांनी सावरलं आणि मनात म्हटलं, पान्याने चुकून ठेवला असेल. रेडिओवर नियंत्रक नवीन उंची सांगू लागला. तो आवाज मास्तरांना ओळखीचा वाटला. असाच, थोडा नाकात, ते स्वतः काढत. त्यांनी उंची बदलली. डाव्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

आता फोन वाजेल, हे त्यांना ठाऊक होतं. मागे वळून पाहावं असं फार वाटलं, पण दोन्ही हात अडकलेले होते आणि पट्टा इतका घट्ट होता की खांदा वळेना. मागे मात्र कुणीतरी बसलं होतं. खुर्चीचं रेक्झिन कुरकुरत होतं, आणि श्वास होता, बारीक, सर्दी झालेल्या माणसाचा. मास्तरांना आपल्या पाठीवर ती नजर कळत होती. इतकी वर्षं ते ज्या नजरेने पुढच्यांच्या मानेकडे पाहत आले तीच ती, चूक कधी होते याची वाट बघणारी.

फोन वाजला. त्यांनी कानाला लावला.

"दाजी," पलीकडून आवाज आला, "किती राहिलं?"

मास्तरांनी समोर पाहिलं. शून्य होतं. महिनाभर ते ज्या शून्यात तीन मिळवत आले होते तेच ते, आणि या एका क्षणी मात्र ते मिळवायचे राहिले. ते फोनवर काहीतरी बोलले. विमान खाली घेतलं. राखाडी काच एकदम हिरवी झाली, त्यात झाडं दिसली, दगड दिसले, आणि अगदी पुढे, काठाच्या डोक्यावर, तेरा वर्षांपूर्वी काढून टाकलेला तो मनोरा उभा होता. त्याच्या पायथ्याशी कुणीतरी ठेंगणं माणूस, हात डोळ्यांवर धरून वर पाहत होतं.

पडदा लाल झाला.

भाचीने आपला पट्टा सोडला.

"मी तीनदा म्हणाले, गो अराउंड," ती म्हणाली. "तीन मैल आहेत, खाली जाऊ नका, वर घ्या. तीनदा."

"फोन चालू होता," मास्तर म्हणाले.

"कसला फोन? काहीच नव्हतं, आतोबा. वारा नव्हता, दिवा नव्हता. तुम्ही एकटेच बोलत होतात. चालतंय म्हणालात कुणाला तरी."

आता सांगावं लागणारच होतं, म्हणून मास्तरांनी तिच्या बापाच्या परीक्षेपासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली नसतील, तिने हाताने थांबवलं.

"मला माहीत आहे. बाबांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, जेवताना. आज डब्यात मेलो आणि दाजींनी पास केलं, म्हणाले. हसत होते. मी अकरा वर्षांची होते. आई म्हणाली, असं अभद्र बोलू नये."

"मग मला दोनदा का विचारलंस?"

"तुम्ही सांगता का ते बघत होते."

तिने नकाशे गोळा केले. आत्ता जे झालं ते तरी तुम्ही स्वतः वर सांगा, मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबते, नाहीतर मी सांगेन, एवढं बोलून ती गेली. लोखंडी जिन्यावर तिची पावलं वाजली आणि थांबली.

मास्तरांनी पट्टा सोडला. खुर्ची आता सहज मागे गेली. मागे कुणी नव्हतं. टेबलावर क्लिपला त्यांचा कागद होता, मघाशी कोरा असलेला. त्याच्या प्रत्येक रकान्यात लिहिलं होतं: समाधानकारक. सगळी अक्षरं उजवीकडे फिसकटलेली होती. मास्तरांनी बोट लावलं, तर शाई ओली होती.

७

हा कागद फाडायचा, हे त्यांनी जिना उतरतानाच ठरवलं. मग ठरवलं की फाडण्यापेक्षा कार्यालयात जाऊन सरळ सांगू: मी आज डब्यात काठावर आदळलो, मला दिसतं त्यावर माझा भरवसा नाही, मला विमानावर पाठवू नका. पन्नास पावलांची वाट होती. तेवढ्यात त्यांनी ते वाक्य तीन-चार वेळा मनात घोळवलं. उच्चारून पाहिलं तर अवघडही नव्हतं.

ड्यूटी लावणाऱ्या बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, कानाला फोन, समोर उद्याचा तक्ता. त्यांनी मास्तरांच्या हातातला कागद पाहिला आणि बोलता बोलताच ओढून घेतला.

"झाली का परीक्षा? बरं झालं बाई. सकाळच्या वाटीला माझ्याकडे माणूसच नव्हता." त्यांनी कागद उलटसुलट केला. "शाई फिसकटलीय. असू दे, चालतंय."

शिक्का बसला. मास्तरांनी तोंड उघडलं. बाईंनी भुवया उंचावून वाट पाहिली, एक क्षण, दोन क्षण. त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यानेही अशीच वाट पाहिली होती. मास्तरांना स्वतःची इतकी किळस याआधी कधी आली नव्हती, आणि तरीही त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इतकंच होतं: "किती वाजता?"

"साडेनऊ. अठ्ठावीस प्रवासी आहेत. तिकडे ढग आहेत हं, मास्तर. पण तुम्हाला काय सांगायचं."

८

सकाळी बायकोने दारात त्यांची कॉलर सरळ केली. तसं ती रोज करत नसे.

"तिला सांगितलंत का?" तिने विचारलं.

"काय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तेरा वर्षांचं सगळं होतं: भावाने त्या दिवशी बहिणीलाही फोन केला असणार, हसत हसतच. ती तेव्हापासून वाट पाहत होती, त्याच घरात, त्याच ताटावर, आणि त्यांना वाटत होतं की ते तिच्यापासून काही लपवत आहेत.

"काही नाही," ती म्हणाली. "जपून जा."

दार लागलं. मास्तर बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं. सातव्यावर चार होता, रोजच्यासारखा. तीन. दोन. एक. शून्य. तिसरा मजला मागे पडला. खाली पोचलो की फोन करायचा, त्यांनी ठरवलं. ड्यूटीवाल्या बाईंना सांगायचं, बरं वाटत नाही, दुसरं कुणी पाठवा. अजून वेळ होता. फक्त खाली पोचायचं होतं.

ते सवयीने मोजू लागले. तीन. दोन. एक.

आता दार उघडायला हवं होतं. लिफ्ट खाली जातच होती. आकडा शून्य होता. त्यांनी आणखी एक मजला मोजला, मग आणखी एक, आणि मग मोजायचं सोडलं. कानात दडे बसू लागले, ढगातून उतरताना बसतात तसे. त्यांनी दार उघडायचं बटण दाबलं, दाबून धरलं. काही झालं नाही.

त्यांच्या मागे, जिथे फक्त लिफ्टची भिंत होती, तिथे कुणीतरी सावकाश कागदावर लिहीत होतं.